दिल्लीची रांग, दुधाच्या पिशवीत

प्रभादेवीला रांगांचं नवल नाही. अंगारकीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला लांबी म्हणजे काय हे शिकवायला नको. तरीही आज आपण मिळून एक रांग लावू. प्रभादेवी स्टेशनातून निघू, पश्चिम रेल्वेचा रूळ धरू आणि उत्तरेकडे तोंड करून एकामागे एक जीव मांडत जाऊ, शेपटीला डोकं टेकवून, मध्ये जराही फट न ठेवता. बोरिवली गेलं. विरार गेलं. सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा मागे पडलं. मथुरा ओलांडली. पलवलच्या आसपास रांग संपली, आणि तिथून नवी दिल्ली साठेक किलोमीटरवर. राजधानी एक्स्प्रेस रात्रभर धावून जो पल्ला गाठते, तो या जिवांनी नुसतं अंग ताणून गाठला!

आता हीच रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत गोळा करा. १,३२५ किलोमीटरची रांग. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत भरा. मावली? मावली. वर थोडी जागाही उरली.

हा चमत्कार नाही, साधा गुणाकार आहे. हे जीव म्हणजे सूत्रकृमी, आणि तेही शेतकऱ्याच्या बाजूने लढणारे. नाव हेटेरोरॅब्डायटिस इंडिका. नावातला ‘इंडिका’ खराखुरा आपला: पॉइनार, करुणाकर आणि डेव्हिड यांनी १९९२ मध्ये या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते कोईमतूरच्या उसाच्या रानातून मिळालेल्या नमुन्यांवरून. एका पिल्लाची लांबी सुमारे ०.५३ मिलिमीटर, जाडी ०.०२ मिलिमीटर. असे ५० जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तर एक मिलिमीटर रुंदी भरते. साठ लाख जण एका तराजूत बसवले, तर काटा एका ग्रॅमवर येतो.

आणि शेतात सोडायचे किती? जगभर वापरली जाणारी ठोक मात्रा हेक्टरी अडीच अब्ज. म्हणजे २५० कोटी, आपल्या रांगेत उभे होते तेवढेच. एकरी १०० कोटी. भारताची लोकसंख्या १४५ कोटींच्या घरात, म्हणजे दीड एकर उसात अख्खा भारत सोडल्यासारखं झालं, आणि हेक्टर पुरा करायला अजून जवळजवळ एक एकर बाकीच आहे!

मोजायचेत? मोजा. सेकंदाला एक, न थांबता, न झोपता. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री मोजायला बसलेल्या माणसाचा २५० कोटींचा आकडा पुरा होतो २०२६ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. ७९ वर्षं आणि वर ८० दिवस. एका हेक्टरसाठी.

लोकलमध्ये बसवायचेत? मुंबईच्या लोकलने करोनाच्या आधी रोज साधारण ७५ लाख प्रवासी जायचे. प्रत्येक प्रवाशाच्या जागी एक सूत्रकृमी बसवला आणि पश्चिम, मध्य, हार्बर अशा सगळ्या गाड्या याच कामाला लावल्या, तरी ही वाहतूक अकरा महिने चालेल. तेही रविवारचा मेगाब्लॉक न घेता.

एवढं सैन्य कोणाच्या विरुद्ध? हुमणीच्या. उसाच्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगली-साताऱ्यापासून सोलापूर-नगरपर्यंत, हुमणी म्हटलं की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून वर येतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, आणि मादी पुन्हा मातीत शिरून अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरी, इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेली अळी मुळं कुरतडत बसते. वरून दिसतं एवढंच, की ऊस पिवळा पडतोय. हाताने ओढला, की मुळाविना अख्खं बेट हातात. वर्षभराचं पीक, कर्जाचे हप्ते, कारखान्याला घातलेली नोंद, सगळं त्या एका झटक्यात उपटून येतं.

पुरी वाढलेली हुमणी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असते. आपल्या सूत्रकृमीच्या ८५ पट लांब. माणसाच्या मापाने सांगायचं, तर प्रभादेवीतल्या चाळीस मजली टॉवरसमोर तुम्ही उभे आहात, आणि हा टॉवर पाडायचा आहे, तोही आत शिरून. सूत्रकृमी हेच करतो. अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून, अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांतून तो आत घुसतो. त्याच्या पोटात फोटोरॅब्डस नावाचे जिवाणू असतात. ते तो अळीच्या रक्तात सोडतो, आणि दोन-चार दिवसांत टॉवर आडवा. मेलेली अळी विटकरी लाल होते, आणि हे जिवाणू अंधारात मंद प्रकाशही देतात. आतलं रसायनशास्त्र तज्ज्ञांवर सोडू. आपल्याला अजून बरंच मोजायचं आहे.

चौरस मीटरला तीन हुमण्या आहेत असं धरा. हेक्टरला ३० हजार झाल्या. २५० कोटींना ३० हजारांनी भागा: एका हुमणीच्या वाट्याला ८३ हजार सूत्रकृमी. एका टॉवरवर ८३ हजारांचा मोर्चा! आणि तरी जमिनीवर हे सैन्य विरळच दिसतं. चौरस सेंटिमीटरला २५. दहा रुपयांचं नवं नाणं वावरात ठेवलं, तर त्याच्याखाली १४०. खिडकीच्या ग्रिलमधल्या बारा इंची कुंडीत हीच मात्रा दिली, तर एका तुळशीच्या बुडाशी १७ हजारांवर जीव, म्हणजे अर्ध्याहून अधिक भरलेलं वानखेडे. शेजारच्या शिवाजी पार्कला दिली, तर २८ एकरांसाठी २,८०० कोटी, जगाच्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त. आणि ही सगळी दुनिया वाहून न्यायला किती भांडी लागतील? पावणेपाच लिटर मावणारी एक छोटी बादली.

शेतकरी हे जीव पाण्यातून देतो. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरलं, तर एका लिटरमध्ये ५० लाख, एका थेंबात अडीचशे. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपात आठ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र होता ११ कोटी २४ लाखांचा. म्हणजे दीड पंप पाठीवर घेतला, की उभा महाराष्ट्र खांद्यावर! आळवणी करायची ती सरत्या उन्हाला, वाफशावर, कारण कोरडी माती आणि कडक ऊन या जिवांना सोसत नाही. आणि ही अर्ध्या लिटरची फौज पसरते कशात? वरच्या सहा इंच मातीत, म्हणजे हेक्टरी साधारण २,००० टनांत. दहा टनी ट्रक दोनशे. दोनशे ट्रक मातीत दुधाची एक पिशवी मिसळायची आणि तिने त्यातल्या ३० हजार अळ्या एकेक करून शोधून काढायच्या.

इथवर आकड्यांनी डोकं गरगरलं असेल. पण खरा दम अजून लागायचा आहे, कारण हे २५० कोटी वावरात पोचेपर्यंत जिवंत ठेवायचे आहेत. खताच्या गोणीला तारीख उलटली तरी खत राहतं. रासायनिक औषधाची बाटली गोदामाच्या कोपऱ्यात वर्षभर पडून राहते. इथे बाटलीत भारतापेक्षा मोठी वस्ती श्वास घेत बसली आहे. मला या सगळ्या गोष्टीतला खरा पराक्रम हाच वाटतो: इतके जीव निर्माण करणं नव्हे, इतके जीव सांभाळणं.

हिशेब करून बघा. साठवणीत रोज फक्त एक टक्का मेले असं धरून चाला. ऐकायला काहीच नाही. पण २५० कोटींचा एक टक्का म्हणजे पहिल्याच दिवशी अडीच कोटी. मुंबई, ठाणे, कल्याण, वसई, नवी मुंबई, सगळा महानगर प्रदेश एका दिवसात. सेकंदाला २८९. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत हजारभर गेले. महिन्याभरात ६५ कोटी. तीन महिन्यांनी डबा उघडलात, तर आत उरलेत १०१ कोटी. पैसे मोजले हेक्टरचे, औषध मिळालं एकराचं! म्हणून या धंद्यात टिकवण क्षमता म्हणजे सगळं काही.

मग हे टिकतात कसे? तर उपास करून. विकतात ते तिसऱ्या अवस्थेतलं पिल्लू, आणि ते काहीच खात नाही. तोंड मिटलेलं, अंगावर आधीच्या अवस्थेची कात पांघरुणासारखी तशीच. जन्मल्यावर अंगात साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. ती संपली की तो संपला. धावपळ केली तर लवकर संपते, गप्प पडून राहिला तर महिनोन्महिने पुरते. साठवणीचं सगळं कसब एवढ्याशाच गोष्टीवर उभं आहे: कोट्यवधी जिवांना गप्प बसवायचं, पण गुदमरू द्यायचं नाही.

गुदमरू द्यायचं नाही, आणि इथेच आपली दुधाची पिशवी फसते. रांग मावली खरी, पण तशीच ठासून भरून ठेवली तर हवा कुठून येणार? म्हणून त्यांना जागा द्यावी लागते. जुनी पद्धत ओल्या स्पंजाची: पंजाएवढ्या एका तुकड्यावर ५० लाखांपासून अडीच कोटींपर्यंत जीव, प्रत्येकाच्या अंगावर पाण्याचा पातळ पापुद्रा, भोवती हवा. अडीच कोटी म्हणजे एका हातात मावणारा मुंबई महानगर प्रदेश. एका हेक्टरला असे शंभर स्पंज.

आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या उसाला? आपल्याकडे ऊस अंदाजे १४ लाख हेक्टर. श्वास घ्या, गुणाकार करतोय. १४ लाख गुणिले २५० कोटी. एकावर पंधरा शून्यं म्हणजे अंत्य. हा आकडा झाला साडेतीन अंत्य. हे सगळे ठासून भरले तर आकारमान ५ लाख ८२ हजार लिटर. वीस फूट व्यासाच्या, चाळीस फूट खोल दोन विहिरी घ्या. एक काठोकाठ, दुसरी दोन-तृतीयांशही नाही. किंवा एप्रिल २०१६ आठवा, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली जलदूत. तिच्या एका वाघिणीत ५० हजार लिटर पाणी. तसल्या १२ वाघिणींत राज्यभरच्या उसाची फौज बसते, आणि नंतर जलदूत ५० वाघिणींची धावू लागली होती, तेव्हा मागच्या ३८ रिकाम्या! पण त्या १२ वाघिणी उघडल्या, तर आत सगळं मेलेलं सापडेल. त्यांना जिवंत न्यायचं तर स्पंज हवेत १४ कोटी. दहा सेंटिमीटर लांबीचा एकेक स्पंज रुळावर मांडत गेलं, तर १४ हजार किलोमीटर, मुंबई ते पुणे ७३ वेळा. जाडी दोन सेंटिमीटर धरली, तर मालगाडीचे सव्वादोनशेच्या आसपास बंद डबे. बारा वाघिणींचे झाले सव्वादोनशे डबे, आणि ही वाढ सगळी हवेची आणि ओलाव्याची! जीव तेवढेच, जागा ४८ पट, कारण प्रत्येकाला श्वास घ्यायचाय.

त्यात हा आपला ‘इंडिका’ उष्ण प्रदेशातला. थंड देशांतल्या स्टायनर्नेमा प्रजातीचे सूत्रकृमी फ्रिजमध्ये, चार-पाच अंशांवर खुशाल पडून राहतात. थंडीत शिदोरी सावकाश खर्च होते. आपला गडी त्या थंडीत मरतो. त्याला गारवा हवा तो पंधरा अंशांच्या वरचा. आणि हुमणीचा हंगाम कधी, तर जून-जुलैत, म्हणजे त्याआधी मे महिन्याच्या चाळीस अंशांतून ही २५० कोटींची वस्ती टेम्पोने, एसटीच्या पार्सलने, दुकानाच्या पत्र्याखालून पार न्यायची! वर भाजतं, खाली गोठतं. मधल्या अरुंद पट्टीत सगळ्यांना धरून ठेवायचं.

म्हणून बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने, म्हणजे एनबीएआयआरने, जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. त्यांनी याच इंडिकाची पाण्यात मिसळणारी भुकटी बनवली, जी साध्या खोलीच्या तापमानाला आठ-दहा महिने टिकते, आणि हे तंत्र कंपन्यांना परवान्याने दिलं. आठ-दहा महिने! फ्रिज नाही, बर्फ नाही, वातानुकूलित टेम्पो नाही. कोरडी दिसणारी पावडर, आत कोट्यवधी जीव निपचित, आणि पाणी लागलं की वळवळ सुरू. पुण्याजवळ मांजरीला उसाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ऊस उत्पादकांनी १९७५ मध्ये उभारलेली ही संस्थाही हुमणीच्या जैविक नियंत्रणाचं काम करते. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर युरियाशेजारी अशी पुडी दिसली, तर तिच्यात किती मोठं गाव झोपलंय हे एकदा मनात आणा.

टिकण्याचा हा गुण या कुळाचाच. गव्हाच्या दाण्यात गाठी करणारा एक सूत्रकृमी आहे, तो शत्रूपक्षातला, पण त्याची चिकाटी पाहा. १७४३ मध्ये नीडहॅम नावाच्या अभ्यासकाने अशी काळी पडलेली गाठ फोडून आतल्या वाळक्या धाग्यांवर पाणी घातलं, आणि ते धागे हलू लागले. पुढे या जातीने २८ वर्षं कोरडं राहून पुन्हा जीव धरल्याची नोंद झाली. एका वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेल्या रोपातला आणखी एक सूत्रकृमी ३९ वर्षांनी उठला. एकोणचाळीस वर्षं! कॉलेजात ठेवलेला नमुना निवृत्तीच्या समारंभात जागा व्हावा, इतकी.

थांबा, ३९ काहीच नाही. सायबेरियात कोलिमा नदीकाठी, जमिनीखाली ४० मीटरवर, कायम गोठलेल्या मातीत काही सूत्रकृमी सापडले. प्रयोगशाळेत ऊब दिली, तर ते चालू लागले आणि त्यांना पिल्लंही झाली. २०२३ मध्ये त्यांचं नाव ठेवलं पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस, आणि भोवतालच्या गवताचं वय निघालं ४६ हजार वर्षं. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी बावीसशे वर्षांच्या आसपासची. तेवढा काळ एकदा नव्हे, वीसदा एकापुढे एक ठेवा, वर आणखी थोडा. एवढा वेळ हा जीव झोपला होता.

आणि १ फेब्रुवारी २००३. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या कोलंबिया यानात होते, ते परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात तुटलं. त्या सात जणांचं दुःख आपल्या घराघरांत आलं होतं. यानात प्रयोगासाठी सी. एलेगन्स नावाचे सूत्रकृमीही होते. जमिनीवर विखुरलेल्या अवशेषांत त्यांचे डबे सापडले, काही आठवड्यांनी उघडले, आणि आत ते जिवंत होते. याच सी. एलेगन्सवर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम चालतं, आणि जगभर त्याचे वाण गोठवून ठेवण्याची रीत आता रुळलेली आहे. शेतकऱ्याच्या मित्र सूत्रकृमींसाठीही ती जमली आहे: आधी ग्लिसरॉलमध्ये अंगातलं पाणी कमी करायचं, मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचं. १९९१ मध्ये पोपील आणि वास्केझ यांनी स्टायनर्नेमा आणि हेटेरोरॅब्डायटिस या दोन्ही प्रजातींसाठी ही कृती छापली. त्या थंडीत शिदोरी खर्चच होत नाही. घड्याळ थांबतं.

आता थोडं आपल्या पायाखाली. २५० कोटींचं सैन्य वावरात उतरलं, पण तिथे आधीपासून राहणारे किती? सुपीक मातीत चौरस मीटरला दहा लाखांपासून कोटीपर्यंत सूत्रकृमी असतात, बहुतेक निरुपद्रवी, जिवाणू आणि बुरशी खाऊन राहणारे. आपण सोडले चौरस मीटरला अडीच लाख. म्हणजे ज्या रांगेने पलवल गाठलं, ती या वावरात पाहुण्यांची रांग! यजमान निदान चौपट, कधी चाळीसपट.

आणि सगळ्या पृथ्वीवर? २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोजणी आली. जगभरचे ६,७५९ मातीचे नमुने घेऊन काढलेला हिशेब: वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीत सूत्रकृमी ४४ च्या पुढे एकोणीस शून्यं इतके. आपल्या जुन्या मोजणीत सगळ्यात वर परार्ध, एकावर सतरा शून्यं. तर हे झाले ४,४०० परार्ध! माणशी ५,७०० कोटी. प्रभादेवीच्या चाळीतल्या चौघांच्या एका बिऱ्हाडाच्या नावावर पावणेतेवीस हजार कोटी सूत्रकृमी. वजन ३० कोटी टन, म्हणजे जगातल्या सगळ्या माणसांच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के. चार हजार टनी मालगाड्यांत भरले, तर ७५ हजार गाड्या, आणि एकामागे एक लावल्या तर पृथ्वीला वळसा घालून पुढे निघतील. आणि प्रभादेवीहून निघालेल्या रांगेत हे सगळे उभे केले, प्रत्येकी अर्धा मिलिमीटर? सूर्य मागे. नेपच्यून मागे. साडेआठ प्रकाशवर्षांवरचा व्याध गाठून परत घरी आलो, तरी सहा प्रकाशवर्षांची रांग शिल्लक!

या अफाट वस्तीतून माणसाने मोजक्या जाती उचलल्या आणि कामाला लावल्या. सुरुवात १९२९ ची: न्यू जर्सीत ग्लेझर यांना जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळीत सूत्रकृमी दिसले आणि तिथून शेतातले प्रयोग सुरू झाले. आज त्यांची पैदास मोठ्या टाक्यांत होते, ८० हजार लिटरपर्यंतच्या. आपल्या सोसायटीत पाण्याचा येतो तसले दहा हजार लिटरचे आठ टँकर. मिलिलिटरला लाख पिल्लं, हा हात राखून केलेला हिशेब धरला, तरी एका घाण्यात आठ लाख कोटी. सूत्रकृमीला रुपया मोजला, तर २०२५-२६ चा राज्याचा सात लाख कोटींचा अर्थसंकल्प एका टाकीपुढे अपुरा. ही टाकी ३,२०० हेक्टरला पुरते. तिच्यातल्यांची रांग चंद्रापर्यंत अकरा वेळा पोचते, आणि टँकर मात्र आठच.

टाकी नसली, तरी अळी आहे. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारी एक अळी प्रयोगशाळेत सहज वाढते, आणि एका अळीतून दोन लाखांच्या आसपास पिल्लं निघतात. अंगठ्याच्या पेराएवढ्या देहातून दोन लाख! एका हेक्टरची फौज साडेबारा हजार अळ्यांतून उभी राहते. आणि हेटेरोरॅब्डायटिसची खास गंमत ही, की आत शिरलेलं पिल्लू उभयलिंगी होतं. जोडीदार लागत नाही. एकटा पुरे.

एकटा पुरे, तर मग एकच घेऊ. द्रव नायट्रोजनमधल्या नळीत वर्षानुवर्षं उणे १९६ अंशांवर ठेवलेला एक सूत्रकृमी. ऊब द्यायची आणि एका अळीवर सोडायचा. दोन-तीन आठवड्यांत दोन लाख. या दोन लाखांना दोन लाख अळ्या द्या, एकाला एक. पुन्हा दोन-तीन आठवडे, आणि झाले चार हजार कोटी, १६ हेक्टरला पुरतील इतके. या चार हजार कोटींना चार हजार कोटी अळ्या मिळाल्या, कागदावर तरी, तर तिसऱ्या फेरीअखेर आठ अंत्य! महाराष्ट्राच्या सगळ्या उसाला लागतात साडेतीन. म्हणजे दोन महिन्यांच्या आसपास, एका नळीतल्या एका जिवापासून, १४ लाख हेक्टर दोनदा भिजवून उरतील इतके. जलदूतच्या २७ वाघिणी. आणि प्रभादेवी स्टेशनातून रांग लावली, तर ४२४ कोटी किलोमीटर: गुरू मागे, शनी मागे, युरेनस मागे, आणि रांग नेपच्यूनच्या वाटेला लागलेली!